पुसून काय जातं

"डॉक्टरसाहेब, पुसणार म्हणजे नक्की काय पुसणार?" इन्शिराहनं विचारलं आणि सुनेचा दंड घट्ट धरला. रिहाब तपासणीच्या पडद्याकडे निघाली होती, ती तिथंच थांबली.

घोळ शब्दाचा होता. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ही तपासणी, तिला इजिप्तमधल्या दमनहूरमध्ये सगळे 'मस्हा' म्हणतात. फरशी पुसली तरी मस्हा, फळा पुसला तरी मस्हा. आणि रिहाबला दुसरा महिना चालू होता. नजर लागू नये म्हणून इन्शिराहनं गल्लीत कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सून ओकायला लागली की शेजारणींना सांगायची, खारवलेला मासा बाधलाय हिला. सुनेच्या झग्याला आतून निळा मणी टाचला होता. एवढं जपलेलं पोर आता हा डॉक्टर दिवसाढवळ्या पुसून काढणार.

"हाग्गा, तसं नसतं ते," नर्स म्हणाली. वयस्क बाईला तिथं मानानं हाग्गा म्हणतात.

"तू गप गं. तुझं लग्न तरी झालंय का?"

नवऱ्याजवळ गेल्यावर रिहाबला दोनदा रक्त दिसलं होतं. मघाशी सासूसमोर, मान खाली घालून तिनं ते डॉक्टर वग्दींना सांगितलं होतं. मस्हा करू, असं म्हणालेही होते ते. आता खुर्चीत मागे रेलून चष्मा पुसत बसले होते.

"हाग्गा म्हणतात त्यातही अर्थ आहे," ते म्हणाले. "घाई कशाला? आधी बाळंतपण होऊ दे, मग बघू."

रिहाबचा चेहरा उतरला नाही, तापला.

"अल्लाची शपथ घेऊन सांगा, यानं पोर जातं?"

वग्दींनी चष्मा चढवला. "नाही. एक मऊ ब्रश गर्भाशयाच्या तोंडाशी फिरवून वरवरच्या पेशी घ्यायच्या. पोराला धक्काही लागत नाही. फार तर थोडं रक्त दिसतं, ते थांबतं."

"मग?"

"मग काय? उद्या आपोआप काही झालं, तर खापर माझ्या डोक्यावर. ह्या हाग्गा मला जगू देतील का?"

असा हा माणूस. भिंतीवर दोन देशांच्या पदव्या, आणि म्हातारीच्या आडोशाला लपायची लाज नाही. तिचा गैरसमज एका वाक्यात दूर करता आला असता. केला नाही, कारण तो त्याच्या सोयीचा होता.

इन्शिराहच्या कडेवर हाना होती. दोन वर्षांची, तिळाच्या पावाचा तुकडा चघळत. रिहाबनं तिला उचललं आणि डॉक्टरच्या टेबलावर, त्यांच्या पुढ्यात बसवलं.

"माझी बहीण साबाह आठवते? याच खुर्चीत बसायची. ही हाना पोटात होती तेव्हा तिलाही असंच रक्त जायचं. तिलाही तुम्ही म्हणालात, आधी बाळंतपण होऊ दे." तिचा आवाज चढला नव्हता. "झालं बाळंतपण. मग केलीत मस्हा, तेव्हा सगळीकडे पसरलं होतं. पुसून काय जातं ते मला विचारा."

हानानं टेबलावरचा पेन पटकावला आणि वळून रिहाबला विचारलं, "आई, हे घेऊ?"

वग्दींनी घसा साफ केला. "हे बघा, शेवटी नशिबाच्या गोष्टी..."

"नशिबाचं नाव काढू नकोस," इन्शिराह म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एका डॉक्टरला अरेतुरे करत होती. "साबाहच्या मयतीला मीही नशीबच म्हटलं होतं. तुला ठाऊक होतं, पोराला काही होत नाही. तरी मला पुढं करतोस?"

तिनं हानाला परत कडेवर घेतलं. पेन पोरीच्या मुठीतच राहिला. मग सुनेचा दंड सोडला, तिला पडद्याआड जायची खूण केली आणि वग्दींच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "हात धू."