एका ताटातलं तूप

"बघा की डॉक्टर, हिच्या तुपानं माझ्या भावाचं रगत नासवलं." खुर्चीत टेकायच्या आधीच निलव्वाआक्कांनी फिर्याद मांडली.

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात चन्नम्मा नवऱ्याच्या मागे अंग चोरून उभी होती. महिन्यापूर्वी शिवानंदचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि नणंदबाई कागलहून बॅग घेऊनच आल्या. आल्या आल्या त्यांनी तूप बंद केलं आणि एक ताटही बंद केलं. लग्नाच्या पंगतीत नवरा-बायको एका ताटात बसले होते, ते तीस वर्षं तसेच जेवत आले होते. आता शिवानंद बाहेरच्या खोलीत उकडलेला दुधी गिळायचा आणि चन्नम्मा आत एकटी बसायची. आपल्याच हातानं नवऱ्याला दुखणं वाढलं, या विचारानं तिला घास उतरत नव्हता.

दोघं एकाच ताटात जेवतात हे ऐकून गेल्या खेपेला डॉक्टर प्रीतींनी चन्नम्माचंही रक्त घेतलं होतं. आज त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि त्या हसल्या.

"काकू, तुमचं कोलेस्टेरॉल माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"असं कसं? तूप तर मीच जास्त खाते की वो."

"काकांनी तूप कमीच करायचं. पण मूळ दुखणं तुपात नाही. काहींचं शरीर रक्तातली चरबी भराभर उचलून बाहेर टाकतं, काहींच्या रक्तात ती तशीच साठत जाते. काकांच्या बाबतीत ते घराण्यातून आलेलं दिसतंय." त्यांनी गोळी लिहून दिली आणि मान वर केली. "सख्खी भावंडं कोण आहेत? त्यांचंही तपासायला हवं."

शिवानंदनं बहिणीकडे पाहिलं. निलव्वाआक्का उगाच पदर सावरत बसल्या.

चन्नम्माच्या छातीवरचा धोंडा उतरला. महिन्याभराच्या टोमण्यांचं उट्टं काढायची संधी समोरच बसली होती, पण तिला इतका आनंद झाला होता की राग आठवेचना.

"सुईला भिऊ नगा, आक्का. सकाळी मी येते संगं."

"उपाशी यायला लागतंय न्हवं?" आक्कांचा आवाज पार खाली आला होता.

"व्हय. रगत दिलं की घरी जाऊन जेवू." चन्नम्मा नवऱ्याकडे बघून हसली. "ताट मोठं हाय आमचं. सरकून बसू की."