दोन पॅट्रिक मर्फी

"पॅट्रिक मर्फी कुठल्या खोलीत?" डब्लिनच्या वृद्धाश्रमात त्या बाईनं विचारलं. नर्स वृंदानं खोली दाखवली. त्या नावाच्या नामवंत गोलकीपरला भेटायला रोज कुणीतरी यायचं.

म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाई दारातूनच बोलू लागली. "डॅड, तुमच्याशी भांडून गेले, त्यानंतर रेडिओवर तुमचं गाणं लागलं की बंद करायचे. चुकलं माझं."

गाण्याचं ऐकून वृंदाला आपली चूक कळली. त्याच नावाचा गाजलेला गायक शेजारच्या खोलीत होता. आता हिला थांबवायचं कसं? ती दाराशी चुळबुळत राहिली.

बाई रडायला लागली, तेव्हा गोलकीपर न वळताच म्हणाला, "सराव चांगला झाला, पोरी. आता हेच शेजारच्या खोलीत जाऊन सांग. तो रोज दाराकडे तोंड करून बसतो."