दक्षाच्या यज्ञापाशी

देवीच्या उत्सवाच्या सकाळी कुलूपवाल्याने साबणाने दोनदा हात धुतले, तरी नखांतला पितळेचा कीस निघेना; तसाच तो पोथी घेऊन बसला. शेजारचा पाट रिकामा होता. पाने उलटायला तिथे लेक बसायची. तिने मनाजोगते लग्न केले, त्याच दिवशी त्याने रागाने दाराचे कुलूप बदलले होते. कथा दक्षाच्या यज्ञापाशी आली: शंकराला वरलेल्या सतीला बापाने बोलावणेच धाडले नाही. तो थांबला. “अहो, अडलात का?” बायको म्हणाली. “दरवर्षी दक्षाला शिव्या घालताना आवाज चढतो तुमचा!” “पुढचं ठाऊक आहे,” तो म्हणाला, “न बोलावता आली बिचारी, आणि अपमानानं जळून गेली.” पोथी मिटून तो दुकानात गेला आणि कानस घेऊन बसला. दुपारी त्याने लेकीला पाकीट पाठवले. त्यात नव्या कुलपाच्या किल्ल्या होत्या: एक लेकीची, दुसरी जावयाची.