दिवेलागणीची सुई

दार वाजलं तेव्हा शुभाबाई देवापुढे निरांजन लावत होत्या. दारात पोटाशी तान्हं बांधलेली एक पोरगेली बाई उभी होती. हातात पत्र्याची पेटी, पेटीत सुयांच्या पुड्या. बुटांत बर्फ शिरला होता.

ती जर्मनमध्ये काही सांगू लागली. शुभाबाईंनी सुनेला हाक मारली. ऋचा लॅपटॉपवरची मीटिंग सोडून आली, ऐकून घेतलं आणि सासूला मराठीत सांगितलं. गावाबाहेर, ड्रेस्डेनच्या रस्त्यालगत, यांची राहायची गाडी उभी आहे म्हणाली. शेगडीचा गॅस संपलाय, बाळ गारठून दूध ओढत नाही. सारी गल्ली फिरली, कुणी दार उघडलं नाही.

ऋचाने पर्समधली नोट पुढे केली. बाईने मान हलवली आणि पुडीच पुढे धरली. भीक नको, सुया घ्या.

शुभाबाईंचा हात पुढे झाला नि थबकला. त्यांची आई उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सुया-दाभण विकत हिंडली. पण दिवे लागले की पाटीवर फडकं पडायचं. लक्ष्मीच्या वेळी सुई विकली तर विकणारीच्या लेकराला बाधतं, असं ती सांगायची. या बाईला हे ठाऊक नसेल?

"तिला म्हणावं, उजाडल्यावर ये. सगळ्या पुड्या घेईन. आत्ता घेतली तर हिच्याच लेकराला भोवेल."

"अहो आई, चारच वाजलेत. इथे हिवाळ्यात अंधारच लवकर पडतो."

"दिवा लागलाय ना?"

ऋचाने 'उद्या' एवढंच सांगितलं. बाईने बाळाचे पाय मुठीत धरून चोळले आणि ती फाटकाबाहेर गेली.

शुभाबाई देवापुढे येऊन बसल्या. हात जोडवेनात. बाळाच्या पायांचा तो निळसर रंग डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी जन्मात पहिल्यांदा निरांजन तोंडाने फुंकलं आणि सपातांवरच रस्त्यावर धावल्या.

रस्ता रिकामा होता. पावलांचे ठसे कोपऱ्यापर्यंत दिसत होते, पुढे बर्फाने बुजवले होते. त्या बाईला काय म्हणून हाक मारायची, ते त्यांना कळेना. मग आईचीच हाक तोंडून निघाली.

"सुया घे, दाभण घे... सुया घे गं, बाई..."

गल्लीतल्या खिडक्यांची शटरं एकामागून एक खाली येत गेली.