नळीचं माप

इंग्लंडातल्या लीड्स शहरात घरोघरी गॅसच्या नव्या इस्त्र्या बसवायचं माझं काम. टॉर्डॉफच्या घरी गेलो, तेव्हा नवरा खुर्चीत बिअर ढोसत पसरला होता.

"चांगली तापणारी बसव लेका," बायकोकडे बोट दाखवत तो खिदळला. "जुनी इस्त्री चुलीवरून उचलून हिच्यापर्यंत नेईस्तोवर निवायची!"

थट्टा समजून मीही हसलो. तेवढ्यात त्याच्या बायकोने, केझायाने, टेबल सरकवायला बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीच्या टोकाचे त्रिकोणी डाग होते. एक अजून ओला होता.

खाली मान घालून मी कामाला लागलो. भिंतीतली गॅसची तोटी बसवून होईपर्यंत नवरा तोंड उघडं टाकून घोरायला लागला होता.

"बाई, ही इस्त्री निवत नाही, आत सतत ज्योत जळते," मी म्हणालो. "फक्त ही रबरी नळी पोचेल तिथवरच चालते. किती लांब कापू? टेबलापर्यंत?"

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"त्या खुर्चीपर्यंत."



मी हातभर जास्तच दिली.