पाण्याची कुस्ती

"पाणी नको म्हणजे नको!" पमीनं पेला ढकलला. चादर भिजली.

कालिंदी हताश होऊन खाटेच्या कडेला बसली. पुण्याला नेऊन नव्या यंत्राच्या धक्क्यांनी लेकीचा मुतखडा फोडून आणला होता. चुरा मात्र वाटेतच अडकलेला. इतके दिवस लघवी पाठीतल्या नळीवाटे पिशवीत उतरत होती. आज सकाळी डॉक्टरांनी नळीला चिमटा लावला. भरपूर पाणी पाजा, म्हणाले, चुरा आपल्या वाटेनं यायला हवा. उद्यापर्यंत आला नाही, तर ऑपरेशन.

आणि जळजळीच्या भीतीनं पोर पाण्याला शिवत नव्हती.

"काय पैलवान, घाबरलीस व्हय?" शेजारच्या खाटेवरून बाळाप्पा ओरडला. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यातला गडी. चेहरा सुजलेला, पण आवाज साऱ्या मजल्यावर. "माझ्यात बी खडं हाईत. कुणाचं जास्त पडत्यात बघूया की! लावतीस पैज?"

पमीनं डोळे पुसले. "मी जिंकले तर?"

"तर माझा फेटा तुझ्या डोक्याला!"

त्याची बायको अक्काताई उठली. तिनं दोन पेले भरले.

पमी गटागटा प्यायली. बाळाप्पा खिडकीकडं तोंड करून प्यायचा आणि मिशा पुसत वळायचा. दुपारी त्यानं फडक्यावर लाल कण दाखवले. "हे बघ, निम्मी कुस्ती मारली!"

पमी चिडली. आता स्वतःच पेला मागू लागली.

कालिंदी बी.एस्सी. झालेली. तो विटेचा चुरा होता, हे तिनं लगेच ओळखलं. खिडकीबाहेरची भिंतही ओली. लबाड! लहान पोरीला फसवतो? पण पोर पाणी पीत होती, म्हणून ती गप्प राहिली.

संध्याकाळी पमी कळवळली. तिनं आईचा दंड घट्ट आवळला, रडली, आणि भांड्यात काहीतरी टक्कन वाजलं. कालिंदीनं लघवी फडक्यातून गाळली. पिवळट कण. आणखी कण. मग चांगली चिमूटभर रेतीच.

"आला! सिस्टर, चुरा आला!"

"चितपट केलंस की गं मला!" बाळाप्पानं उशाचा फेटा काढून पमीच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या नाकापर्यंत आला. दारात जमलेली माणसं हसली. पमी फेट्याआडून ओरडली, "परत लावायची का पैज?"

कालिंदीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं खालून शहाळं आणलं आणि बाळाप्पापुढं धरलं.

"आता लबाडी पुरे हं, पावणं. हे खरंखुरं प्या. तुमचेही खडे पडतील."

बाळाप्पानं शहाळ्याकडं पाहिलं. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

अक्काताईनं शहाळं हळूच बाजूला सारलं.

"त्यांस्नी पाणी बंद हाय, बाई. दोन्ही किडन्या गेल्यात. खडं कुठलं, आठवडा झाला, लघवीचा थेंब न्हाय."