पाहुण्यांपुढचं लगीन

नवशीला पाचव्यांदा हळद लागली, आणि या खेपेला शेजारी नवरा भलताच होता.

जव्हारचा पाहुणबंगला चालवायला घेतला तेव्हाच हरिपंतांनी ओळखलं होतं, की नुसत्या थंड हवेवर मुंबईचा पाहुणा टिकत नाही. त्याला काहीतरी बघायला लागतं. उन्हाळ्यात धबधबा आटलेला, आणि वाघ काही बोलावून येत नाही. लग्न मात्र बोलावता येतं. बंगल्याखालच्या पाड्यावर लहान्या आणि नवशी कैक वर्षं एकत्र नांदत होती. पैका जुळला नाही म्हणून लग्न तेवढं राहिलेलं. त्या डोंगरात याची कुणाला लाज नाही, लग्न सवडीनं होतं. पण आईबापांचं झाल्याशिवाय पोरांचं होत नाही, आणि त्यांच्या थोरल्या माघीला पोशेऱ्याहून मागणी आली होती. अशात हरिपंत म्हणाले, तांदूळ माझे, ताडी माझी, बकरा माझा. तुम्ही फक्त बंगल्याच्या अंगणात लग्न करा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असंच वाटलं बिचाऱ्यांना.

पण पाहुणे ते पाहुणेच. भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला चौक बघून झाला, हळद बघून झाली, की त्यांना चहाची आठवण व्हायची. ते उठले की हरिपंत टाळी वाजवून म्हणायचे, "बस!" बकरा परत खुंट्याला, पुढच्या पाहुण्यांसाठी. चार वेळा लग्न असं अर्ध्यावर मोडलं. आणि अर्धं लग्न म्हणजे काहीच नाही. पदराची गाठ बांधून डोक्यावर तांदूळ पडले, तरच ते लग्न; मग ते कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

आज मुंबईहून एक गोरा साहेब आणि त्याची मडम आले होते, आणि त्यांची सामानाची मोटार घाटात बंद पडली. अंगानं दांडगा म्हणून हरिपंतांनी ट्रंका आणायला नेमकं लहान्यालाच पिटाळलं. ऊन कललं तरी तो आला नाही. मडम खुर्ची टाकून बसलेली. शेवटी हरिपंतांनी बंगल्याचं पाणी भरणाऱ्या जिवाला धरून आणलं आणि नवशीशेजारी उभं केलं. जिवा लहान्याचा चुलतभाऊ, दोन पोरांचा बाप.

"पंत, तो येल आता," नवशी म्हणाली. "तवर थांबा."

"मडमला काय कळतंय, नवरा कोणता ते?"

"मडमला नाय. देवाला कळतंय ना."

हरिपंत हसले. "अगं, कधी शेवटाला गेलंय का हे? आत्ता उठतील चहाला."

"वयनी, मी काय करू?" जिवा पुटपुटला. नवशीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

धीर दिला तो सुकरीनं. सुकरी धवलेरी, तिनं गाणं म्हणून गाठ बांधल्याशिवाय त्या पाड्यांत कुणाचं लग्न लागत नाही. ती नवशीच्या कानाशी लागली. "भिऊ नको, पोरी. मी लांबवते. कंटाळून उठतील."

आणि म्हातारीनं लांबवलं. एरवी ती मोजक्या देवांना बोलवायची. आज तिनं एकूण एक डोंगर बोलावला, नदी बोलावली, शेताचे बांध बोलावले, गेलेली माणसं नावं घेऊन घेऊन बोलावली. आवाज चिरत गेला तरी थांबली नाही. साहेबानं जांभई दिली, खिशातलं घड्याळ काढलं आणि उठला. नवशीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मडमनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. ती हरिपंतांना काहीतरी म्हणाली.

"मडम म्हणते, असं गाणं तिनं जन्मात ऐकलं नाही," हरिपंत आनंदानं म्हणाले. "शेवट बघितल्याशिवाय ती हलायची नाही. चला, बांधा गाठ!"

सुकरीचं गाणं तुटलं. तिनं हात मागे घेतले. हरिपंत जवळ आले आणि पाहुण्यांकडे हसऱ्या तोंडानं बघत हळूच म्हणाले, "म्हातारे, शोभा झाली तर उद्यापासून तुमच्या पाड्यातलं एक माणूस बंगल्याच्या कामावर नको."

अख्खा पाडा त्या उन्हाळ्यात बंगल्यावर जगत होता. नवशीनंच मग पदराचं टोक पुढे केलं. सुकरीला गाठ दिसेना, बोटांनी चाचपत तिनं ती बांधली. तांदूळ पडले. आपल्याच लग्नात आपण मेलो, असं नवशीला वाटलं. मडमनं टाळ्या वाजवल्या.

"न्हालं बाई एकदाचं घोडं गंगेत!" हरिपंत म्हणाले. "आता रडतेस का? लगीन पुरं होत नाही म्हणून तूच रडत होतीस ना?" त्यांनी बकरा सोडायला सांगितला. पुढचे पाहुणे आले की दुसरं एखादं जोडपं बघायचं, तशा जोडप्यांना डोंगरात तोटा नव्हता.

तेवढ्यात लहान्या चढण चढून आला. पाठीवर मोठी ट्रंक, कमरेत पार वाकलेला. त्याला माणसं दिसत नव्हती, समोरची जमीन तेवढी दिसत होती, आणि जमिनीवर तांदूळ सांडले होते. तो जागच्या जागी थांबला. धापा टाकत हसला.

"तांदूळ? अरे वा! माझी वाट बघून लगीन मांडलं ना? आज कोठवर आलं?"

मग माघीनं पुढे होऊन बापाच्या पाठीवरच्या ट्रंकेला हात लावला.

"पुरं झालं, बा."